एक रिंग आणि कट

परवा मामेभावाचा मुलगा पुण्याहून गावाला निघाला होता. दहावी झालीय, पहिल्यांदाच एकटा एसटीनं चाललेला. मी सवयीनं म्हणाले, "पोचलास की मिस कॉल दे."

तो थांबला. "म्हणजे मी फोन करायचा आणि तू उचलायचा नाहीस?"

"हो."

"पण का? आत्या, कॉल फुकट असतो."

एका वाक्यात उत्तर देता येईना. बस लागली होती, त्यामुळे विषय तिथंच राहिला. पण नंतर दोन दिवस डोक्यात तेच. ज्याच्यावर आमचं सगळं कॉलेज पार पडलं ते आता फोड करून सांगावं लागतंय, म्हणजे त्याचा इतिहास झालाय. मग लिहून ठेवलेला बरा.

आधी शब्द बघा. इंग्रजीत 'मिस्ड कॉल' म्हणजे हुकलेला फोन. तुम्ही अंघोळीला गेलात, फोन वाजून थांबला, हुकला. मुद्दाम कोणी काही केलेलं नसतं. आपण त्याला 'देणं' जोडलं. मिस कॉल दे, मिस कॉल टाक, मिस कॉल मार. अपघातानं होणारी गोष्ट आपण ठरवून करायला लागलो आणि ती समोरच्याला 'द्यायला' लागलो, जसा निरोप देतात किंवा हाक देतात. जाता जाता 'मिस्ड'मधला 'ड'सुद्धा गळून पडला. तो परत आणायच्या भानगडीत मी पडणार नाही, आमच्याकडे तो कधी नव्हताच.

हे सगळं शक्य झालं ते फोनच्या हिशोबातल्या एका फटीमुळे. तुम्ही नंबर लावता तेव्हा नेटवर्क बरंच काम करतं. समोरचा फोन कुठल्या भागात आहे ते शोधतं, तिथल्या टॉवरकडून त्याला हाक मारतं, तो जागा होतो, वाजतो, तुम्हाला 'ट्रिंग ट्रिंग' ऐकू येतं. एवढ्या सगळ्याचे पैसे शून्य. मीटर पडतो तो समोरच्यानं उचलल्यावर. म्हणजे उचलण्याआधीचे ते दहा-पंधरा सेकंद कोणाच्याच मालकीचे नसतात. त्या दहा-पंधरा सेकंदांत या देशातल्या कोट्यवधी लोकांनी संसार केले, धंदे केले, प्रेमं केली.

फट तशी जुनी. लँडलाइनच्या काळातही पोचल्यावर दोन रिंगा देऊन ठेवायची पद्धत होती. एक रुपयाच्या डब्यात नाणं टाकायचं, समोर फोन वाजू द्यायचा, ठेवून द्यायचा, नाणं परत. पण त्यात एक अडचण होती. लँडलाइनवर कोणाचा फोन आहे हेच कळायचं नाही. तो नंबर दाखवणारं यंत्र फार थोड्या घरांत असायचं. त्यामुळे आधी ठरवलेलं असेल तरच अर्थ. नाहीतर तो 'ब्लँक कॉल' आणि घरात संशय. मोबाइल आला तो मुळातच छोटी स्क्रीन घेऊन. तिच्यावर नंबर उमटला. आता काही न बोलता नाव सांगता यायला लागलं. मिस कॉलचा जन्म माझ्या मते इथं झाला, दर वाढले म्हणून नव्हे.

दर मात्र होते भयंकर. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला, तो भारतातला पहिला मोबाइल कॉल समजतात. त्या सुरुवातीच्या काळात गर्दीच्या वेळी बोलायचा दर मिनिटाला १६ रुपयांच्या वर होता. आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. हे वाक्य आजच्या कोणाला खरं वाटत नाही, म्हणून परत लिहिते: तुम्हाला फोन आला, तुम्ही उचललात, तुमचे पैसे गेले. त्यामुळे मोबाइलवाले लोक नंबर बघायचे, फोन कापायचे आणि जवळच्या लँडलाइनवरून उलटा फोन करायचे. मिस कॉलची ही श्रीमंत पूर्वजाची शाखा.

१ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. त्याच पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपयांत हातात फोन द्यायला सुरुवात केली. नोकियाचा ११०० हा टॉर्चवाला फोन त्याच वर्षी आला. जगभरात त्याचे २५ कोटींहून जास्त नग विकले गेले. आता गंमत बघा. फोन घेणं परवडायला लागलं, फोन येणंही परवडायला लागलं, फक्त फोन करणं परवडत नव्हतं. माझ्या आठवणीत दहाच्या रिचार्जवर जेमतेम सात-साडेसात रुपये जमा व्हायचे आणि मिनिटाला एक-दीड रुपया जायचा. मोबाइलवाला देश तयार झाला होता, बोलणारा अजून व्हायचा होता. आम्ही बरोबर या दोघांच्या मधे कॉलेजला गेलो.

आमच्या घरी फोन आला २००६ च्या जूनमध्ये, मी पुण्याला हॉस्टेलवर जायच्या आदल्या आठवड्यात. त्या वर्षी 'लाइफटाइम' नावाची योजना जोरात होती. एकदा ९९९ रुपये भरले की आयुष्यभर इनकमिंग चालू. पप्पांनी ते भरले. (कोणाचं आयुष्य हे बारीक अक्षरात होतं. ग्राहकाचं नाही, कंपनीच्या परवान्याचं आयुष्य. पण आमच्या घरात बारीक अक्षर वाचणारी मीच होते आणि मी पुण्याला निघाले होते.)

आमचं घर मळ्यात, विट्याच्या बाजूला. गाव दोन किलोमीटर. घरात पप्पा, मम्मी, आजी आणि एकच मोबाइल. शेतीपंपाला लाइट रात्रीची असायची, म्हणून आठवड्यातून तीन-चार रात्री पप्पा आणि मम्मी पाणी पाजायला रानात. (पुण्यातल्या एका अभियंत्यानं मोबाइलवरून पंप चालू-बंद करायचं 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र काढलं, ते याच रात्रींवरचा इलाज म्हणून. आमच्याकडे ते आलं नाही.) मग रात्री आजी घरात एकटी. मोबाइल रानात भिजेल म्हणून तिच्याजवळ.

आजीला आकडे वाचता येत नव्हते. पण नोकियावर हिरवं बटण दाबलं की शेवटी लावलेल्या नंबरांची यादी येते आणि परत दाबलं की सगळ्यात वरचा नंबर लागतो. पप्पांनी तिला एवढंच शिकवलं: हिरवं दोनदा, कानाला लाव, वाजलं की लाल. म्हणजे मिस कॉल. तो यायचा मला. मग मी पुण्याहून गावात तात्यांच्या लँडलाइनवर फोन करायचा आणि तात्यांनी सायकलवर मळ्यात जाऊन बघायचं. आज हे लिहिताना हसू येतं. दोनशे मीटरवर रानात असलेल्या मुलाला बोलवायला आजीची हाक पुण्याला जाऊन परत येणार. पण रात्री पंप चालू असताना नुसत्या हाका ऐकू जात नाहीत.

आता या व्यवस्थेला एकच अट होती. यादीत सगळ्यात वर माझाच नंबर पाहिजे. पप्पांनी दिवसभरात खतवाल्याला फोन केला, दूध संघात केला, तर यादी बदलणार. हे मला तेव्हा सुचलंच नव्हतं. मला एवढंच दिसायचं की रोज संध्याकाळी सात-साडेसातला 'घर' असा एक मिस कॉल येतो. मी रूममधल्या पोरींना सांगायचे, आजीला माझी आठवण आली. त्याही कौतुकानं बघायच्या. दोन वर्षांनी दिवाळीत घरी होते, तेव्हा पप्पांनी खतवाल्याशी बोलून झाल्यावर काहीतरी दाबलं आणि माझ्या हातातला फोन वाजून बंद पडला. म्हटलं, मी इथंच आहे की. ते म्हणाले, "तुझा नंबर वर आणून ठेवतोय. आईला लागतो रातचा."

म्हणजे दोन वर्षं मी जी आठवण म्हणून मोजत होते ती देखभाल होती. थोडं वाईट वाटलं. मग वाटलं, देखभाल ही काय कमी गोष्ट आहे.

हॉस्टेलवर आमचे स्वतःचे कायदे होते. एक मिस कॉल म्हणजे पोचले. लागोपाठ दोन म्हणजे तू फोन कर. मेसच्या खालून एक म्हणजे डबा आलाय, उतर. गेटवरून एक म्हणजे वॉचमन काका बघत नाहीयेत, ये. यातला सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे चुकून उचलणं. "उचललास कशाला!" हे वाक्य त्या काळातल्या अर्ध्या भांडणांचं पहिलं वाक्य असेल. कारण तेव्हा एक सेकंद बोला नाहीतर एकोणसाठ, पूर्ण मिनिटाचे पैसे जायचे. २००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा हा हिशोब आणला, मागोमाग बाकीच्यांना आणावा लागला आणि चुकून उचलण्याचा दंड रुपयावरून दोन-तीन पैशांवर आला. भांडणं लगेच कमी झाली. त्यात मुंबईची निराळी भानगड. आमचं सिम महाराष्ट्र आणि गोवा सर्कलचं, मुंबई सर्कल वेगळं. घाट उतरून मुंबईला गेलं की आपल्याच राज्यात रोमिंग, इनकमिंगलाही पैसे. त्यामुळे मुंबईत असताना घरच्यांचा फोन आला तर कापायचा, हेच 'ठीक आहे'चं उत्तर.

कोण कोणाला मिस कॉल देऊ शकतो यातून माणसाची पायरी कळायची. मुलं आईबापांना देणार, भाजीवाला ठरलेल्या गिऱ्हाईकाला देणार, कामाच्या मावशी "आज येत नाही" म्हणून देणार, ड्रायव्हर "खाली आलोय" म्हणून देणार. उलटं कधी नाही. कारकून साहेबाला मिस कॉल देत नाही. आणि चांगला कमावता माणूस देत असेल तर त्याला 'मिस कॉल बहाद्दर' म्हणून हिणवायचे. मला वाटायचं हे आपलंच भारतीय जुगाड. तसं नाही. जोनाथन डोनर या संशोधकानं आफ्रिकेत, मुख्यतः रवांडात, हाच प्रकार अभ्यासला आणि २००७ मध्ये त्याच्या नियमांवर लेख लिहिला. तिथं त्याला 'बीप करणं' म्हणतात. डोनरनं तीन जाती सांगितल्या आहेत: परत फोन कर म्हणणारा, आधी ठरलेला निरोप देणारा आणि नुसतीच आठवण काढणारा. आणि नियम हुबेहूब आमच्या हॉस्टेलचे. ज्याच्याकडे जास्त पैसे त्यानं फोन करायचा. ज्याच्याकडे काही मागायचंय त्याला बीप करायचं नाही. आणि पोरीला पटवायचं असेल तर तिला बीप करायचं नाही, फोन करायचा, नाहीतर ती तुम्हाला कंगाल समजेल. हा शेवटचा नियम वाचला तेव्हा मला इंजिनिअरिंगचा एक मुलगा आठवला. नाव सांगत नाही.

याची काळी बाजूही सांगायला हवी, कारण जुन्या गोष्टी आठवताना ती पटकन पुसली जाते. ज्या फटीतून आठवण यायची त्याच फटीतून त्रासही यायचा. कुठलेही दहा आकडे दाबायचे, रिंग द्यायची, परत फोन आला आणि बाईचा आवाज निघाला की सुरू. रात्री एकला, दीडला, वीस-वीस मिस कॉल. रिचार्जच्या दुकानात वहीत नंबर लिहावा लागायचा आणि ती वही दुकानात येणारा कोणीही चाळायचा. म्हणून आम्ही मुली कूपन घ्यायचो, ते खरवडून नंबर टाकायचा, म्हणजे वहीत लिहायला नको. माझ्या एका रूममेटच्या फोनवर असेच अनोळखी मिस कॉल यायचे. तिच्या भावानं सुट्टीत ते पाहिले. तिनं एकदाही उलटा फोन केला नव्हता, पण भावाचं म्हणणं, येतात म्हणजे काहीतरी असेल. फोन गेला. पुढच्या सेमिस्टरला ती आमच्या फोनवरून घरी मिस कॉल द्यायची. ज्यानं रिंग दिली तो कोण होता ते कोणी शोधलं नाही.

कंपन्यांना मिस कॉल आवडणं शक्यच नव्हतं. टॉवर राबणार आणि कमाई शून्य. मग त्यांनी ती जागाही विकायला काढली. कॉलर ट्यून म्हणजे तेच तर. 'ट्रिंग ट्रिंग'च्या जागी गाणं, महिन्याला तीसेक रुपये. पैसे समोरच्याचे आणि गाणं ऐकणार आपण. एका मैत्रिणीला आम्ही निव्वळ तिची ट्यून ऐकायला मिस कॉल द्यायचो. ती वैतागायची.

पण खरं डोकं लावलं ते बाहेरच्यांनी. २०१० मध्ये बंगळुरूत झिपडायल नावाची कंपनी निघाली. जाहिरातीत एक नंबर छापायचा, लोकांनी मिस कॉल द्यायचा, कंपनीनं उलट एसएमएस पाठवायचा. लोकांचा खर्च शून्य आणि कंपनीला मिळाला त्यांचा नंबर. जानेवारी २०१५ मध्ये ही कंपनी ट्विटरनं विकत घेतली. मिस कॉलची कंपनी, ट्विटरनं! हिंदुस्तान युनिलिव्हरनं बिहार-झारखंडमध्ये, जिथं लाइटच नसायची तिथं टीव्हीवरच्या जाहिराती कोण बघणार म्हणून, 'कान खजूरा तेसन' काढलं. मिस कॉल द्या, उलटा फोन येईल, पंधराएक मिनिटं गाणी आणि विनोद ऐका, मधे साबणाची जाहिरात. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या कानच्या जाहिरात महोत्सवात त्याला सुवर्णपदकं मिळाली.

राजकारणही मागे राहिलं नाही. २०११ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले तेव्हा पाठिंब्यासाठी एक नंबर फिरत होता, मुंबईचा कोड असलेला. मीही दिला होता मिस कॉल. फेसबुक लाइकची फीचर फोनवरची आवृत्ती म्हणा. नोव्हेंबर २०१४ मध्ये भाजपनं मिस कॉलवर सदस्यनोंदणी सुरू केली आणि काही महिन्यांत जगातला सगळ्यात मोठा पक्ष झाल्याचा दावा केला. मिस कॉल देणं म्हणजे सदस्य होणं का, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाले. मला त्यातलं एवढंच रोचक वाटतं की 'मी इथं आहे' याच्या पलीकडे काहीही न सांगणारी एक खूण, आणि तिच्यातून ज्यानं त्यानं आपल्याला हवा तो अर्थ काढला. आमच्या घरीही तेच झालं होतं.

आता २००९ च्या ऑगस्टकडे परत येते. रात्री साडेअकराला 'घर' दिसलं. एक. मी उठून बसले, कारण संध्याकाळचा येऊन गेला होता. लगेच दुसरा. माझ्या बॅलन्समध्ये चार रुपये होते. तात्यांना लावला, त्यांनी उशिरा उचलला, झोपेत होते. मी एकच वाक्य बोलले, मळ्यात जा, आजी. पुढे पाऊण तास काही नाही. मी खाली जिन्यात फोन हातात धरून बसले होते. बॅलन्स दोन रुपये काहीतरी. परत लावला आणि तात्या निघालेलेच नसतील तर? निघाले असतील तर काकू उचलतील आणि उगीच रडतील. मग पप्पांचा फोन आला, तात्यांच्या लँडलाइनवरून. आजी अंगणात घसरली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. सरपटत ओट्यापर्यंत येऊन तिनं फोन घेतला होता.

नंतर दवाखान्यात तिला विचारलं, आजी, लाल बटण कशाला दाबलंस? बोलायचं की माझ्याशी.

"पैसं पडत्यात," ती म्हणाली.

हाड मोडलेलं असताना, अंधारात, पावसात, तिनं रिंग वाजल्याबरोबर फोन कापला होता. दोन्ही वेळा. मिस कॉलच्या गमती सांगताना मी बऱ्याचदा हे सांगत नाही.

मिस कॉल मेला कधी, असं कोणी विचारलं तर सगळे ५ सप्टेंबर २०१६ सांगतात. त्या दिवशी जिओ आलं आणि बोलणं फुकट झालं. पण तेव्हा तो मेला नाही, उलट त्याच्या अंगात आलं. कारण देशातला एक भाग फुकट बोलत होता आणि दुसरा अजून जुन्या टू-जी फोनवर मिनिटाला पैसे मोजत होता. दुसऱ्यानं पहिल्याला मिस कॉल द्यायचा, हे ओघानं आलंच. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओनं स्वतः जाहीर केलं की दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांचे रोज २५ ते ३० कोटी मिस कॉल त्यांच्या नेटवर्कवर येतात. रोज!

हा आकडा त्यांनी सांगितला तो तक्रार म्हणून. एका कंपनीच्या फोनवरून दुसरीच्या फोनवर बोललं की पहिलीनं दुसरीला मिनिटाला काही पैसे द्यायचे, असा नियम होता. २०१५ मध्ये हा दर १४ पैसे होता, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे. म्हणजे ज्याचे ग्राहक जास्त फोन करतात तो देणेकरी. मिस कॉलला उत्तर म्हणून उलटा फोन जिओवाला करणार, पैसे जिओचे जाणार.

आणि मग जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मजेशीर प्रकरण वाटतं. जिओनं रिंग वाजायचा वेळ कमी करत २० सेकंदांवर आणला. एअरटेलनं दूरसंचार नियामकाकडे, म्हणजे ट्रायकडे, तक्रार केली की हे मुद्दाम चाललंय: रिंग लवकर थांबली की फोन हुकतो, मग आमचा ग्राहक उलटा फोन करतो, मग देणं आमच्यावर. जिओचं म्हणणं, जगभर एवढीच रिंग वाजते. शेवटी एअरटेलनंही आपली रिंग २५ सेकंदांवर आणली. आमच्या हॉस्टेलच्या पोरी जे एका रुपयासाठी करायच्या ते देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या सहा पैशांसाठी करत असल्याचे आरोप चालले होते. १ नोव्हेंबर २०१९ ला ट्रायनं निकाल लावला: मोबाइलवर ३० सेकंद, लँडलाइनवर ६०. उचलण्याआधीचा तो कोणाच्याच मालकीचा नसलेला वेळ सरकारी कागदावर मोजला गेला.

नंतर मार्च २०२० मध्ये करोनाची ट्यून आली. आधी खोकला, मग सूचना, मग रिंग. रिंग गेली की नाही हेच कळेना, कट कधी करायचं? १ जानेवारी २०२१ पासून ते सहा पैसेही रद्द झाले आणि त्याच दिवशी इंडेननं मिस कॉलवर गॅस सिलिंडर नोंदवायची सोय सुरू केली. म्हणजे माणसांमधून तो उठला आणि खिडकीवर जाऊन बसला. बँकेत शिल्लक किती, पीएफ जमा झाला का, मिस कॉल द्या. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय आलं, त्यातही एक रस्ता मिस कॉलचा आहे. तुम्हीही देता, फक्त माणसाला देत नाही.

आजीचं पुढे थोडक्यात सांगते. ती वॉकरवर आणखी सात वर्षं चालली. पप्पांनी २०१२ मध्ये स्वतःसाठी दुसरा फोन घेतला, तरी नोकिया तिच्याजवळ राहिला आणि त्यात वरचा नंबर माझाच राहिला. २०१६ च्या डिसेंबरात ती गेली. फोन देवळीत, चार्ज करून ठेवलेला. २०१८ च्या शेवटी मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली, महिन्याला ३५ रुपयांच्या आसपास. त्याशिवाय आउटगोइंग बंद, मग इनकमिंगही बंद. लाइफटाइमवाल्यांच्या तक्रारी झाल्या, ट्रायनं कंपन्यांना जाब विचारला, पण सवयीचं व्हायचं ते झालंच. इनकमिंगपुरता फोन ठेवणारा माणूस कंपन्यांना नको होता. आमच्या देवळीतल्या फोनवर त्याचे मेसेज आले असणार, इंग्रजीत. पप्पांनी एकदा चार्जिंगला लावला तेव्हा नेटवर्कच्या दांड्या गेलेल्या होत्या. ते म्हणाले, राहू दे आता.

बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, मग देतात. माझ्या फोनमध्ये तो अजून 'घर' म्हणूनच आहे. दोनेक वर्षांपूर्वी व्हॉट्सॲपमध्ये 'घर'च्या गोलात फोटो उमटला, बुलेटवर बसलेला एक मुलगा, गॉगल लावून. मी नाव बदललं नाही.

भाच्याला बसमध्ये बसवून आले त्या रात्री त्याचा निरोप यायची वाट बघत यादी वरखाली करत होते. बोट लागलं आणि 'घर'ला फोन लागला. एक रिंग गेली. कापला. दोन मिनिटांनी स्क्रीनवर 'घर'.

उचलला.

"हां, कोण बोलतंय? मिस कॉल हुता तुमचा."